तीन मिनिटं झाली

नवतपाचा दुसरा दिवस. पारा शेहेचाळीसवर.
कामठी रोडवरचं बंद पडलेलं जिनिंग,
त्याच्या गोदामात सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत
गाणं. म्हणजे गाणं नाही, तितिक्षा म्हणाली,
आवाज. नुसता पसरत जाणारा.
"आत्या, तू फक्त पडून राहायचं."

पडून राहायचे तीनशे रुपये?
तरी गेले. दुपट्टा तोंडाला गच्च बांधून,
पर्समध्ये कांदा, थर्मासात पन्हं.

गेटवरच्या पोराने मनगटाला कागदी पट्टा चिकटवला,
दवाखान्यात भरती करताना लावतात तसा.
आत सतरंज्या. भिंतींना अजून कापसाची लव,
कोळिष्टकांत सरकी.
चार कोपऱ्यांत मुजीबभाईंचे भाड्याचे चार डेझर्ट कूलर
ओल्या वाळ्याचा वास सोडत घरघरत होते.
डेझर्ट!
आमच्याकडे वाळवंट असं दर एप्रिलात
गच्चीवरून खाली उतरतं, दोन माणसं धरून.

चौकीवर प्रज्वल मेश्राम.
कोराडीच्या टॉवरखाली रात्र रात्र उभं राहून
तारांची गुणगुण जमवून आणलेली त्याने.
एक बटण जरासं फिरवायचा,
मग दहा मिनिटं काहीच नाही.
कोणीतरी घोरायला लागलं.
त्याला उठवलं नाही कोणी, तोही मिसळून गेला.

मला वाटलं, हे मी ऐकलंय.

एकतीस वर्षं कानाला हेडसेट,
सीताबर्डीचं एक्स्चेंज, तिसरा मजला, रात्रपाळी.
डायल टोन काय होता दुसरा?
कुणी बोलायच्या आधीची
गावाची लांबलचक हुंकारी.

आणि तो शनिवारचा कॉल.
बाडमेरहून. ऑर्डिनरी. पी.पी.
जरीपटक्यातल्या एका किराणा दुकानावर.
फौजी असावा.
बाई धावत यायची, हॅलो म्हणायची,
तो म्हणायचा, हां.
मग वारं.
जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं, असा नियम.
मी व्हायचे नाही.
हजारेक किलोमीटर तारेला वाळू घासत
ते वारं माझ्या डाव्या कानात यायचं,
इकडून तराजूचं पारडं, एखादं कुत्रं.
दोघं गप्प.
मग मलाच म्हणावं लागे,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
तो म्हणायचा, बढाइए.
पैसे लागायचे हो.
बढाइए म्हणायचा.

एका मार्चनंतर कॉल आला नाही.
बदली झाली असेल. घरी आला असेल.
किंवा चौकाचौकात एसटीडीचे बूथ निघाले होते तोवर,
तेच असेल.
मी कोणाला विचारणार, आणि काऊन?

साडेतीनला लाइन गेली.
आधी प्रज्वलचं यंत्र. मग कूलर,
एकेक पातं अजून एक फेरी, अजून एक, करत.
वाटलं, आता ओरडतील, अबे जनरेटर!
कोणी हललं नाही.
त्यांना वाटलं, हेही त्याचंच.

वरचा पत्रा उन्हाने ताणून टक्क वाजला.
कूलरच्या तळाशी थेंब.
त्या घोरणाऱ्याचा श्वास आता एकटाच.
प्रज्वल मांडीवर हात ठेवून बसलेला,
घाबरून गेलेलं पोर, कानशिलावरून घाम,
आणि शंभर माणसं डोळे मिटून
त्याचं ऐकत होती.

किती वेळ गेला, मला नेमकं कळत होतं.
ही सवय जात नाही.
अगदी ओठांवर आलं होतं.
तितिक्षाने झोपेतच माझं मनगट धरलं, पट्ट्यावर,
आणि मी वाढू दिलं.

रात्री वत्सलाचा फोन. माझ्याच बॅचची.
"काय वाजवलं गं?"
"कूलर."
"आणि?"
"मग लाइन गेली."
"अन् तीनशे रुपये कायचे घेतले?"

तिच्या मागे पंखा कुरकुरत होता,
पंख्याच्या मागे कुठेतरी अजनीकडची मालगाडी,
डबे संपता संपत नव्हते.
"आहेस का गं लाइनवर?"
"आहे," म्हटलं.
"तू थोडं बोलू नको."